सभागृहाच्या कामकाजातून काढलेले शब्द छापायचे की नाही?

प्रश्न असा आहे: खासदार सभागृहात बोलला, लोकांनी ते टीव्हीवर थेट पाहिलं, आणि संध्याकाळी अध्यक्षांनी त्यातला काही भाग कामकाजातून काढून टाकला. ही सेन्सॉरशिप नाही का? आणि बातमीदाराने किंवा साध्या नागरिकाने तो भाग पुढे पाठवला तर त्याच्यावर काय कारवाई होऊ शकते?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण ते लगेच उपयोगी पडतं. काढून टाकल्याचं कळल्यावरही तो मजकूर छापणं हा आजही हक्कभंग, म्हणजे सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग, ठरू शकतो. सर्वोच्च न्यायालयाचा 1958 सालचा ‘सर्चलाइट’ निकाल (त्याबद्दल पुढे सांगतो) अजून उलटलेला नाही. ‘सगळ्यांनी पाहिलंच होतं’ हा युक्तिवाद व्यवहारात पटणारा आहे, पण कायद्यात त्याला अजून पक्का आधार मिळालेला नाही. पहिल्या भागाचं उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही. शब्द काढण्याचा अधिकार हा मुळात सेन्सॉरशिप नव्हे. तो नियमाच्या चौकटीबाहेर, कारण न देता आणि मुद्दाच पुसण्यासाठी वापरला की सेन्सॉरशिप होते. ही सीमारेषा नियमांच्या मजकुरातच आहे आणि ती फारसं कुणी वाचत नाही.

घटनेपासून सुरुवात करू. संसदेसाठी कलम 105 आणि राज्य विधिमंडळांसाठी कलम 194 आहे, दोन्हींची रचना सारखीच. पहिल्या पोटकलमात सभागृहात भाषणस्वातंत्र्य दिलं आहे, पण घटनेच्या तरतुदी आणि कामकाजाचे नियम यांच्या अधीन राहून. दुसऱ्या पोटकलमानुसार सभागृहात बोललेल्या कशाबद्दलही किंवा दिलेल्या मताबद्दल सदस्यावर कोर्टात कारवाई होत नाही. म्हणजे आमदाराला बदनामीच्या दाव्यापासून पूर्ण संरक्षण आहे, पण सभागृहाच्या स्वतःच्या नियमांपासून नाही. बाहेर नागरिकाच्या बोलण्यावर कलम 19(2) मधल्या कारणांपुरतेच निर्बंध घालता येतात आणि ते वाजवी आहेत का हे न्यायालय तपासतं. सभागृहात ती तपासणी करणारं कुणी नसतं, पीठासीन अधिकाऱ्याचा, म्हणजे अध्यक्षांचा किंवा सभापतींचा, निर्णय अंतिम असतो. शिवाय कलम 122 (राज्यांसाठी 212) सांगतं, की केवळ कार्यपद्धतीत अनियमितता झाली म्हणून न्यायालयाने कामकाजाची चौकशी करायची नाही. सगळा ताण इथून येतो.

आता मूळ नियम. लोकसभेचा नियम 380 म्हणतो, की चर्चेत वापरलेले ‘शब्द’ बदनामीकारक, असभ्य, असंसदीय किंवा सभागृहाच्या प्रतिष्ठेला न शोभणारे आहेत असं अध्यक्षांचं मत झालं, तर ते शब्द काढण्याचा आदेश त्यांना देता येतो. राज्यसभेत हाच अधिकार नियम 261 मध्ये सभापतींना आहे. नियम 381 पुढची पायरी सांगतो: जिथून शब्द काढले तिथे तारांकन टाकायचं आणि तळटीप द्यायची, की अध्यक्षांच्या आदेशानुसार हा भाग काढून टाकला आहे. छापील इतिवृत्तात त्या ओळीत फक्त चांदण्या दिसतात. अध्यक्षांनी तो भाग का काढला, चारपैकी कुठलं कारण लागू झालं, हे कुठेही लिहिलेलं नसतं. माझ्या मते या व्यवस्थेतला सर्वांत मोठा दोष हाच. ज्या आदेशावर अपील नाही, त्याला निदान कारण तरी जोडलेलं असावं.

इथे एक गल्लत नेहमी होते. ‘काढून टाकलं’ आणि ‘नोंदलंच गेलं नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवानगीशिवाय कुणी उभं राहून बोलू लागलं की पीठावरून सांगितलं जातं, ‘यातलं काहीही रेकॉर्डवर जाणार नाही.’ तेव्हा प्रतिवेदक (सभागृहातलं बोलणं टिपून घेणारे सचिवालयाचे कर्मचारी) ते लिहून घेत नाहीत. इतिवृत्तात ‘व्यवधान’ एवढंच येतं किंवा ‘नोंदले नाही’ अशी टीप येते. याउलट काढून टाकलेला मजकूर आधी नोंदलेला असतो आणि आदेशानंतर वगळला जातो. बातमीदाराने नेमकं काय झालं हे सचिवालयाकडून खात्री करून घ्यावं, कारण हक्कभंगाची नोटीस आलीच तर पहिला प्रश्न हाच असतो. दिवसाच्या शेवटी सचिवालय वगळलेल्या मजकुराची माहिती माध्यमांना कळवतं. कळवल्याची वेळ आणि तुमची बातमी प्रसिद्ध झाल्याची वेळ, दोन्ही जपून ठेवा.

नियम 380 मध्ये ‘शब्द’ म्हटलं आहे, मुद्दा किंवा आरोप नव्हे. आरोपासाठी वेगळा नियम आहे, 353. एखाद्या व्यक्तीवर बदनामीकारक किंवा गुन्ह्याचा ठपका ठेवणारा आरोप करायचा असेल, तर सदस्याने अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्याला पुरेशी आगाऊ सूचना द्यायची, म्हणजे मंत्र्याला उत्तरासाठी माहिती घेता येते. आरोप सभागृहाच्या प्रतिष्ठेला बाधक आहे किंवा त्यातून सार्वजनिक हित साधत नाही असं वाटलं, तर अध्यक्ष तो करायला मनाई करू शकतात. हे दोन नियम एकत्र वाचले की हेतू कळतो: आरोप करता येतो, तो आधी कळवायचा असतो. प्रत्यक्षात सूचना न देता आरोप होतो आणि मग 380 ची कात्री चालते.

7 फेब्रुवारी 2023 रोजी राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरील आभाराच्या ठरावावर राहुल गांधी अदानी समूह आणि सरकार यांच्या संबंधांबद्दल बोलले. त्या भाषणातले 18 उल्लेख काढले गेले. त्याच आठवड्यात राज्यसभेत मल्लिकार्जुन खर्गे यांच्या भाषणातलेही काही भाग गेले. आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं होतं, की पुरावा न देता आणि सूचना न देता केलेले आरोप नियमात बसत नाहीत. तो मुद्दा फेटाळण्यासारखा नाही. आरोपावरच आक्षेप असेल तर मात्र नियमातला मार्ग वेगळा आहे: सदस्याला तिथल्या तिथे थांबवा, कागद मागा, ते अधिप्रमाणित करून (खरेपणाची जबाबदारी घेत सही करून) पटलावर ठेवायला सांगा. भाषण संपल्यावर वाक्यांमधून तुकडे काढले की उरलेल्या इतिवृत्ताचा अर्थच लागत नाही. पन्नास वर्षांनी ते वाचणाऱ्याला मंत्र्याचं उत्तर दिसेल, पण उत्तर कशाला दिलं हे कळणार नाही. जिथे शिवी गेली तिथे माझी तक्रार नाही. जिथे प्रश्नच गेला, तिथे नियमाने आपली हद्द ओलांडली असं माझं स्पष्ट मत आहे.

जुलै 2022 मध्ये असंसदीय शब्दांच्या पुस्तिकेवरून वाद झाला. ‘जुमलाजीवी’सारखे शब्द त्यात होते. शब्दांवर बंदी आली असं अनेकांनी लिहिलं. ते बरोबर नव्हतं. लोकसभा सचिवालय वेळोवेळी असं संकलन काढतं, त्यात देशातल्या विधिमंडळांत आणि राष्ट्रकुलातल्या काही संसदांत पूर्वी काढून टाकलेले शब्द असतात, आणि कुठल्याही शब्दावर बंदी नाही असं अध्यक्ष ओम बिर्ला यांनी जाहीर केलं. प्रत्येक वेळी संदर्भ पाहूनच निर्णय व्हायला हवा. पण अशी यादी हाताशी असली की पीठावरच्या माणसाला संदर्भ पाहण्याचा कंटाळा येतो, हेही तितकंच खरं.

आणखी दोन नियम सारखे अंगावर फेकले जातात. दोन्ही 352 मधले आहेत. पहिला न्यायप्रविष्ट बाबींचा: न्यायालयात निर्णय बाकी असलेल्या वस्तुस्थितीचा उल्लेख करायचा नाही. त्याचा अर्थ त्या विषयावरच्या धोरणाची चर्चा बंद, असा होत नाही. दुसरा उच्चपदस्थांच्या वर्तनाबद्दलचा: राष्ट्रपती, न्यायाधीश अशा, ज्यांना हटवण्यासाठी घटनेतच वेगळी प्रक्रिया आहे त्यांच्यावर रीतसर प्रस्तावाशिवाय बोलायचं नाही. पंतप्रधान आणि मंत्री सभागृहाला उत्तरदायी असतात, त्यांच्या कारभारावर बोलायला असा प्रस्ताव लागत नाही. नियमाच्या स्पष्टीकरणात अध्यक्षांना आणखी व्यक्ती त्यात घेण्याची मुभा आहे, म्हणून हरकतीचा मुद्दा घेताना हे स्पष्टीकरण समोर ठेवूनच बोलावं.

आता वृत्तपत्रांकडे. 1956 मध्ये फिरोज गांधी यांच्या खासगी विधेयकातून संसदीय कामकाजाच्या प्रसिद्धीला संरक्षण देणारा कायदा झाला. त्याआधी गंमतीदार नव्हे, गंभीर अशी स्थिती होती: खासदाराला बोलल्याबद्दल संरक्षण, पण तेच छापणाऱ्या संपादकावर खटला. आणीबाणीत हा कायदा गेला, डिसेंबर 1975 मध्ये अध्यादेशाने आणि 1976 मध्ये कायद्याने. त्याआधी 21 जुलै 1975 ला अधिवेशन सुरू झालं तेव्हा ठराव करून प्रश्नोत्तरांचा तास आणि खासगी सदस्यांचं कामकाज बाजूला ठेवलं गेलं, आणि बाहेर संसदेच्या वार्तांकनावर सेन्सॉर बसला होता. आत कामकाजाचा नियम आणि बाहेर सेन्सॉरचा हुकूम, दोन्ही एकाच वेळी चालले. विरोधी सदस्य आत बोलत होते, पण ते लोकांपर्यंत पोहोचत नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयाने 1976 मध्ये मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’च्या प्रकरणात सेन्सॉरच्या अधिकारालाही मर्यादा आहेत असं ठणकावलं. आणीबाणी चालू असताना दिलेला हा निकाल मराठी वाचकांनी विसरू नये.

1977 मध्ये फिरोज गांधींचा कायदा नव्याने आणला गेला आणि 44 व्या घटनादुरुस्तीने 1978 मध्ये कलम 361-अ घातलं. आता साध्या कायद्याने हे संरक्षण काढता येत नाही आणि ते राज्य विधिमंडळांनाही लागू आहे. मात्र त्याच्या अटी बारकाईने वाचा. वृत्तांत मुख्यतः खरा हवा, त्यामागे दुष्ट हेतू नसावा आणि गुप्त बैठकीचा वृत्तांत त्यात बसत नाही. मजकुरात वृत्तपत्र, वृत्तसंस्थेचा वृत्तांत आणि प्रसारण केंद्रावरचं प्रसारण यांचा उल्लेख आहे. मोबाइलवरून क्लिप पुढे पाठवणाऱ्या नागरिकाचा तिथे उल्लेख नाही, त्याने हे कलम आपल्याला आपोआप लागू होतं असं धरून चालू नये. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे हे संरक्षण न्यायालयातल्या दिवाणी-फौजदारी कारवाईपासून आहे. सभागृहाच्या हक्कभंगाच्या अधिकारापासून ते वाचवत नाही.

तो अधिकार किती दूर जातो हे ‘सर्चलाइट’ प्रकरणात ठरलं. 30 मे 1957 रोजी बिहार विधानसभेत एका सदस्याने सरकारवर कडक टीका केली. अध्यक्षांनी त्यातला भाग काढायला सांगितला. दुसऱ्या दिवशी पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ने काढलेल्या भागासह भाषण छापलं. संपादक एम. एस. एम. शर्मा यांना हक्कभंगाची नोटीस आली आणि ते कलम 19(1)(अ), म्हणजे नागरिकाचं भाषणस्वातंत्र्य, घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर 1958 मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने ते हरले. बहुमताचं म्हणणं असं, की काढलेला भाग कायद्याच्या दृष्टीने बोललाच गेला नाही, म्हणून तो छापणं हा कामकाजाचा विपर्यस्त वृत्तांत होतो. न्या. सुब्बा राव यांनी एकट्याने विरोधी मत नोंदवलं. आजच्या काळाला तेच मत जवळचं वाटतं, निदान मला तरी. छापखान्याच्या जमान्यात ‘बोललंच गेलं नाही’ ही कल्पना चालून गेली. संसद टीव्हीवरून देशाने ऐकलेल्या वाक्याबद्दल तेच म्हणणं कठीण आहे, आणि न्यायालयाने हा निकाल पुन्हा तपासायला हवा.

1964 मध्ये उत्तर प्रदेशात प्रकरण आणखी चिघळलं. केशव सिंह यांना पत्रकावरून विधानसभेने सात दिवसांसाठी तुरुंगात पाठवलं, अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी जामीन दिला, तर विधानसभेने त्या न्यायाधीशांनाच धरून आणण्याचा ठराव केला. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितलं, की अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते आणि कलम 21 (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) सभागृहाच्या हक्कांपुढेही उभं राहतं. पण ‘सर्चलाइट’मधला भाषणस्वातंत्र्यापुरता भाग त्यांनी तसाच ठेवला. म्हणूनच वर म्हटलं, तो निकाल अजून उभा आहे.

मुंबईच्या ‘ब्लिट्झ’ने दोन्ही बाजू पाहिल्या. 1952 मध्ये त्याचे होमी मिस्त्री यांना मुंबईत पकडून लखनौला उत्तर प्रदेश विधानसभेपुढे नेलं गेलं. 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं नाही म्हणून कलम 22(2) खाली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली. 1961 मध्ये त्याच साप्ताहिकाचे संपादक रुसी करंजिया यांना आचार्य कृपलानी यांच्यावरील लेखाबद्दल लोकसभेने सभागृहापुढे उभं करून समज दिली.

शब्द काढण्यापेक्षा मोठा घाव निलंबनाचा असतो, कारण त्यात माणूसच बाहेर जातो. लोकसभेत नियम 373 खाली एका दिवसापुरतं बाहेर काढता येतं. 374 खाली अध्यक्षांनी सदस्याचं नाव घेऊन आणि सभागृहाने ठराव करून जास्तीत जास्त उरलेल्या अधिवेशनापुरतं निलंबन होतं. 2001 मध्ये आलेल्या 374-अ खाली नाव घेताच आपोआप पाच बैठका किंवा उरलेलं अधिवेशन, यांतलं जे कमी ते. डिसेंबर 2023 मध्ये दोन्ही सभागृहांचे मिळून 146 सदस्य निलंबित झाले आणि नवी फौजदारी विधेयकं त्याच दिवसांत मंजूर झाली. लोकसभा सचिवालयाच्या परिपत्रकात परिणाम स्पष्ट होते: कक्ष, लॉबी आणि गॅलरीत प्रवेश नाही, समितीच्या बैठकीला बसता येत नाही, त्यांच्या नावाचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर येत नाही, त्यांनी दिलेल्या सूचना स्वीकारल्या जात नाहीत. म्हणजे मतदारसंघाचा लेखी प्रश्नही गेला. हा प्रकार एका पक्षाचा नाही. मार्च 1989 मध्ये काँग्रेसची सत्ता असताना एका दिवसात 63 खासदार निलंबित झाले होते.

निलंबनाला मर्यादा आहे हे महाराष्ट्रातल्या प्रकरणातून पक्कं झालं. 5 जुलै 2021 रोजी विधानसभेने भाजपच्या 12 आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केलं. विधानसभेच्या नियम 53 नुसार अध्यक्ष सदस्याला त्या दिवसापुरतं आणि पुन्हा तसंच घडलं तर उरलेल्या अधिवेशनापुरतं बाहेर ठेवू शकतात. वर्षभराची सोय त्यात नाही. 28 जानेवारी 2022 रोजी आशिष शेलार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा ठराव त्या अधिवेशनापलीकडे बेकायदा ठरवला. त्यातला हिशोब लक्षात ठेवण्याजोगा आहे. परवानगीशिवाय 60 दिवस गैरहजर राहिलं तर कलम 190(4) खाली जागा रिकामी घोषित करता येते, आणि रिकामी जागा सहा महिन्यांत पोटनिवडणुकीने भरायची असते. वर्षभर निलंबित आमदाराची जागा मात्र रिकामीही नसते आणि भरलेलीही नसते. मतदारसंघ विनाप्रतिनिधी राहतो, म्हणून हे बडतर्फीपेक्षाही वाईट, असं न्यायालय म्हणालं. कलम 212 ची भिंत इथे आड आली नाही, कारण 2007 च्या राजा राम पाल निकालापासून भेद ठरलेला आहे: नुसती अनियमितता न्यायालय पाहत नाही, ढळढळीत बेकायदेशीरपणा पाहतं. फेब्रुवारी 2025 मध्ये बिहार विधान परिषदेतून बडतर्फ केलेल्या सुनील कुमार सिंह यांनाही न्यायालयाने शिक्षा प्रमाणाबाहेर आहे म्हणून परत बसवलं.

सदस्याने काय करावं? आरोप करायचा असेल तर नियम 353 ची सूचना लेखी द्यावी आणि तिच्या पोचपावतीवर वेळ घ्यावी. कागदावर सही करून तो अधिप्रमाणित करावा, म्हणजे त्याच्या खरेपणाची जबाबदारी आपण घेतली असा अर्थ होतो. वाक्यात विशेषण कमी आणि तारीख, रक्कम, आदेश क्रमांक जास्त ठेवावेत. विशेषण काढता येतं, क्रमांक काढताना कारण सांगणं अवघड जातं. मजकूर निघाल्यावर अध्यक्षांना पत्र लिहून नियम आणि कारण विचारावं, त्या पत्राची नोंद राहते. नाकारलेला प्रश्न किंवा काढलेलं भाषण पत्रक करून वाटू नये. नाकारलेले प्रश्न स्थानिक नियतकालिकात छापणाऱ्या बंगालच्या आमदाराला 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण दिलं नाही, कारण ते सभागृहातलं बोलणं उरलं नव्हतं.

बातमीदाराने ‘अमुक विषयावरचा इतका भाग अध्यक्षांनी काढला’ असं लिहावं. काय विषय होता आणि आक्षेप कुणी घेतला हे सांगता येतं, काढलेलं वाक्य अवतरणात देऊ नये. तोच आरोप त्या सदस्याने सभागृहाबाहेर पत्रकार परिषदेत केला असेल तर ती स्वतंत्र बातमी आहे. तिला विधिमंडळाचं संरक्षण नाही, बदनामीचा कायदा लागू होतो, पण काढलेलं कामकाज छापल्याचा ठपकाही बसत नाही. आदेशाआधी चढवलेली क्लिप आदेश कळल्यावर तशीच ठेवायची की तेवढा भाग कापायचा, हे संपादकाने लेखी ठरवावं.

नोटीस आलीच तर घाबरून तोंडी उत्तर देऊ नका. लोकसभेत हक्कभंगाच्या प्रश्नासाठी सदस्याची लेखी सूचना आणि अध्यक्षांची संमती लागते, आक्षेप निघाला तर 25 सदस्यांनी उभं राहून पाठिंबा द्यावा लागतो, आणि बहुतेक प्रकरणं 15 जणांच्या विशेषाधिकार समितीकडे जातात. समितीपुढे बाजू मांडायची संधी मिळते. उत्तरात तारीखवार क्रम द्या: काय बोललं गेलं, तुम्ही कधी प्रसिद्ध केलं, आदेश तुम्हाला कधी कळला. आदेशाआधी प्रसिद्ध झालं असेल तर तेवढंच ठामपणे सांगा. न्यायालयात जाण्याचा हक्क नोटिशीने संपत नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये महाराष्ट्र विधानसभेच्या नोटिशीच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयात का गेलात असा सूर असलेलं पत्र पाठवल्याबद्दल न्यायालयाने सचिवालयाच्या अधिकाऱ्याला अवमानाची कारणे दाखवा नोटीस काढली होती. आणि सभागृहाने तुरुंगवासाची शिक्षा दिलीच, तरी अधिवेशनाची सत्रसमाप्ती झाली की ती आपोआप संपते.